मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. माझ्या अंगाला तंबाखूचा वास येतो हे मलाही ठाऊक आहे. औंढा नागनाथच्या कय्युमभाईंनी तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. झाकण इतकं घट्ट बसवलं, की उघडताना 'टक्' असा आवाज व्हायचा. त्याचा मला भारी तोरा होता. १९९१च्या शिवरात्रीच्या जत्रेत साखरा गावच्या सोजराबाईंनी मला उचललं, दातांना लावायची तंबाखूची मिश्री भरली आणि कमरेला खोचलं.

खुरपणीच्या बायकांत माझा मान मोठा. दुपारी भाकरी झाली, की कुणीतरी म्हणायचं, "सोजरा, काढ की डबी," आणि मी हातोहात फिरायची. मागितलेल्या मिश्रीला नाही म्हणायचं नाही, हा रानातला कायदा. मिश्री वाईट असते, हे तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दहा वर्षांनी सोजराबाईंना काय झालं कोण जाणे. आधी पाठ दुखायला लागली, मग पाय, मग सगळंच अंग. फोटो काढले, रक्त तपासलं, काही सापडेना. झोप उडाली. जेवण नको, बोलणं नको, मिश्रीसुद्धा नको. मी कोनाड्यात रिकामी पडले. एकदा त्या नवऱ्याला, मुंजाजींना म्हणाल्या, "मला आता जगू वाटंना." मुंजाजींच्या हातातला तांब्या हातातच राहिला. दुसऱ्याच दिवशी ते त्यांना हिंगोलीला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे आणि उदासीही खरी आहे. ही गोळी दोन्हींवर चालते. रोज झोपताना एक. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. मला विचारल्याशिवाय बंद करू नका."

गोळ्या घरी आल्या. पण गाव 'येड्याच्या गोळ्या' म्हणेल, या धास्तीने सोजराबाईंनी मला घासूनपुसून काढलं, पाकिटं फोडून गोळ्या माझ्यात भरल्या आणि मला पुन्हा कमरेला खोचलं. पहिले पंधरा दिवस त्यांचं तोंड कोरडं पडायचं, गुंगी यायची, गुण काही नाही. खरं सांगते, माझा तर त्या गोळ्यांवर विश्वासच नव्हता. विसाव्या दिवशी सोजराबाई कोंबडं आरवेपर्यंत झोपल्या. महिन्याने पाठ हलकी झाली आणि त्या खुरपं घेऊन रानात निघाल्या. मला झालेला आनंद काय सांगू!

पण तिथेच घात झाला. भाकरी झाल्यावर शेजारच्या ओळीत खुरपणाऱ्या नीलाबाई जुन्या सवयीने म्हणाल्या, "काढ डबी!" सोजराबाईंचा हातही सवयीनेच कमरेकडे गेला. टक्! आत पाहतात तर गोळ्या.

"काय गं हे?"

सोजराबाई गडबडल्या. "पाठीच्या गोळ्या हायत... दुखायच्या."

ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आता खुरपणाऱ्या बाईची पाठ दुखत नाही असं कधी झालंय? आणि डबी उघडल्यावर नाही म्हणायचं नाही! चार दिवसांत मी फिरून फिरून रिकामी झाले. चौथ्या दिवशी नीलाबाईंनी लवकर गुण यावा म्हणून दोन गिळल्या आणि बांधावर अशा झोपल्या, की हाका मारून उठेनात. बायकांची रडारड झाली, जीप आली. दिवेलागणीला दवाखान्यात नीलाबाईंनी डोळे उघडले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

घाबरून सोजराबाईंनी नव्या गोळ्या आणल्याच नाहीत. आठवड्यात चक्कर, घाम, झोप नाही, आणि पाठदुखीने पुन्हा डोकं वर काढलं. "परत तसंच होऊन राहिलं वो," म्हणून त्या रडल्या. मुंजाजींनी पुन्हा हिंगोली गाठली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू करून एवढंच म्हणाल्या, "आता पाकिटातच ठेवा. आणि मैत्रिणींना खरं सांगून टाका."

ते मात्र गोळीपेक्षा कडू होतं. महिना गेला. सोजराबाई पुन्हा रानात आल्या, भाकरीला बसल्या, पण घास उचलेनात.

"त्या गोळ्या नुसत्या पाठीच्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "मला जगू वाटंना म्हून डॉक्टरनं देल्या व्हत्या. लाज वाटली, लपवलं. नीलाबाई, तुमचा जीव जाता जाता राहिला. मला माफ करा."

मला वाटलं, आता सगळ्या उठून जाणार. नीलाबाईंनी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली.

"काहून लपवलं माय? मला बी दोन वर्सं झाले तसंच वाटून राहिलं. कोण्या वारी बसती ती डॉक्टरीण?"

मंगळवारी दोघी एका एसटीने हिंगोलीला गेल्या. पुढे दीड वर्षाने सोजराबाईंच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. नीलाबाईंच्या अजून चालू आहेत आणि त्या अख्ख्या रानाला ऐकू जाईल असं हसतात.

मित्रांनो, माझ्या पोटात आता बडीशेप असते. ती खुशाल वाटून खा. गोळ्या मात्र ज्याच्या त्यानेच घ्याव्यात, सांगितल्या तेवढ्याच, सांगितले तितके दिवस. आणि तुमच्या घरात कुणी गप्प गप्प बसत असेल, तर त्याला डॉक्टरांचा पत्ता द्या. तो मागेपर्यंत थांबू नका.