लांब शेपटीचा खंड्या

"पिसांच्या अजून दोन ओळी खाली येऊ द्या," आसावरी म्हणाली.

मर्लने गरम गोंदाची बंदूक टेबलावर ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हॅरोमधल्या चर्चच्या हॉलमध्ये ऑगस्टअखेरच्या कार्निव्हलची तयारी चालली होती. लांबलचक टेबलांवर तारेचे सांगाडे, टिकल्यांचे डबे आणि पिसांचे ढीग पसरले होते. मर्ल मूळची त्रिनिदादची. इथल्या पथकाचे मुकुट ती तरुणपणापासून घडवत आली होती. यंदाची कल्पना होती नदीकाठचे पक्षी, आणि आसावरीच्या मुलीच्या, ईशिताच्या, वाट्याला खंड्या आला होता.

"डार्लिंग, मुकुट डोक्यावर असतो," मर्ल म्हणाली. "हा कमरेपर्यंत पोचलाय."

"पक्षी आहे. शेपटी नको?"

"खंड्याची शेपटी बोटाएवढी असते," कोपऱ्यातून विष्णूने माहिती पुरवली. तो आसावरीचा नवरा. गाडी चालवायला म्हणून आला होता आणि आता मणी ओवत बसला होता.

"तुम्ही मणी ओवा," आसावरी म्हणाली.

आसावरीची विरोध करण्याची एक पद्धत होती. ती नाही म्हणत नसे. ती मदतीला जाई. ईशिताने युनिव्हर्सिटीसाठी मँचेस्टर निवडलं, तेव्हा आसावरीने हूं की चूं न करता तिचं सामान भरलं, तिला पोचवायला गेली आणि पहिला आठवडा समोरच्याच बी-अँड-बीत राहिली. स्टॅनमोरच्या ज्या दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसते, तिथेही पेशंटला आजची अपॉइंटमेंट नाही हे सांगायची वेळ आली की ती आधी त्याला पाणी आणून देते. अनुभवी पेशंट पाणी बघूनच घरी जातात.

त्यामुळे ईशिताने कार्निव्हलचा पोशाख फोनवर दाखवला, पुढून बेताचा आणि मागून नसल्यात जमा, तेव्हाही आसावरी एवढंच म्हणाली, "छान आहे. मुकुट मी करते."

कपडे कमी म्हणून तिचा जीव खालीवर होतोय, असं सगळ्यांना वाटलं. तिने ते वाटू दिलं. कपड्यांचं तिला विशेष काही नव्हतं. काळजी होती पाठीची. तेराव्या वर्षी ईशिताचा कणा वाकायला लागला, मोठं ऑपरेशन झालं आणि मानेखालून कमरेपर्यंत एक फिकट गुलाबी व्रण राहिला. पुढच्याच गणपतीत मंडळातल्या एका बाईंनी परकर-पोलक्यातल्या त्या मुलीला हाताने वळवून, पाठ नीट निरखून, हातातलं प्रसादाचं ताट न सांडता विचारलं होतं, "अगं बाई, आता हिच्या लग्नाचं कसं?" तेव्हापासून ईशिताचं प्रत्येक पोलकं आणि ब्लाउज पाठभर बंद. पुण्याच्या शिंप्याला आसावरी स्वतः माप कळवायची. ईशिताने कधी तक्रार केली नाही. कौन्सिलच्या पार्किंग विभागात ती दिवसभर इतरांच्या तक्रारी ऐकते, तसा सोशिक स्वभाव.

ती कामावरून थेट हॉलवर आली. मुकुटाची शेपटी टोकापर्यंत हाताने चाचपली.

"आई, केवढं काम केलंस तू," ती म्हणाली.

"घालून तर बघ."

मर्लचा एक नियम होता. मुकुट घालायचा, संगीत लावायचं आणि हॉलला एक फेरी मारायची. फेरीत न टिकणारा मुकुट रस्त्यावर जात नसे. विष्णूने पट्टा बांधला. ईशिता निघाली. निळ्या पिसांचा पडदा पाठीवरून थेट कमरेपर्यंत उतरला होता. व्रण नावालाही दिसत नव्हता. आसावरीला हुश्श झालं.

पण शेपटीच्या ओझ्याने मुकुट मागे ओढला जात होता, आणि तो सावरायला ईशिताने मान पुढे वाकवली होती.

"वर बघ," मर्ल म्हणाली.

"बघतेय की," ईशिताने फरशीला सांगितलं.

"दुखतंय का गं?" विष्णूने विचारलं.

"नाही बाबा. आय'म फाइन. मी करीन मॅनेज."

आसावरीने ती चाल ओळखली. ऑपरेशननंतर वर्षभर हीच चाल घरात वावरत होती. खांदे आत, नजर पावलांवर आणि कुणी विचारलंच तर आय'म फाइन. तेव्हा ती चाल आणली होती दुखण्याने.

"ईशू, थांब. तुला पाठ झाकायची आहे का?"

ईशिता वळली. तिच्यामागोमाग शेपटी सावकाश वळली.

"मला कधीच नव्हती झाकायची. तुला बरं वाटतं म्हणून घालायची मी ते ब्लाउज."

"मला?"

"लोक माझ्या पाठीकडे बघतात, आई. एक मिनिट बघतात, मग विसरतात. तू त्यांच्याकडे बघत बसतेस. ते मला जास्त ऑकवर्ड होतं."

विष्णू मणी ओवायचा थांबला. आसावरीने मर्लकडे हात पुढे केला. मर्लने कात्री इतक्या तत्परतेने दिली की ती तिने आधीपासून हातात धरली असावी. शेपटीला आठवडाभर लावलेलं पीस न् पीस आसावरीने स्वतः कापलं. दर कापण्याला ईशिताची हनुवटी थोडी वर येत गेली.

कार्निव्हलच्या सकाळी लंडनला न शोभणारं ऊन पडलं होतं. ट्रकवरच्या स्पीकरांनी खिडक्यांच्या काचा हलत होत्या. ईशिताने पिशवीतून सनस्क्रीन काढून आईच्या हातात दिलं आणि पाठ वळवली.

"लाव ना. ऊन लागलं की तिथे चुरचुरतं."

हे आसावरीला माहीत नव्हतं. तिने तळहातावर क्रीम घेतलं आणि मानेखालून सुरुवात केली. व्रण हाताला मऊ लागला, तिला वाटत आलं होतं त्याहून मऊ.

"झालं का? निघालेत सगळे."

"थांब जरा," आसावरी म्हणाली, आणि तिचं बोट सावकाश शेवटपर्यंत उतरलं.

शिट्टी वाजली. खंड्यांचा थवा हलला. ईशिता नाचत पुढे गेली आणि आसावरी हाताला उरलेलं क्रीम स्वतःच्या मनगटांवर जिरवत, दिसेनाशी होईपर्यंत ती पाठ बघत राहिली.