वीरण्णाच्या बोटीला बंदर नाही

समुद्रातल्या चोरट्या मासेमारीविरुद्ध कायदा झाला, आणि त्याची जनजागृती करायला कोणा हुशार माणसानं रेणापूरकडचा असा एक तलाव निवडला, की तिथून समुद्र गाठायचा तर चार जिल्हे ओलांडावे लागतात. कोंडाबाईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण 'चहा-बिस्किटं आहेत' असा निरोप होता, म्हणून मच्छीमार सोसायटीच्या तीस बाया घेऊन ती काठावर बोट लागते त्या उताराशेजारच्या बाभळीखाली येऊन बसली.

मत्स्य खात्याचा आनंदराज बॅनर बांधत होता. बॅनरवर अख्खं गाव मावेल एवढं जहाज होतं. आनंदराज देवणीचा. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं आणि पोहता येत नव्हतं.

"तर मावश्यांनो, खोल समुद्रात..." त्यानं सुरुवात केली.

कोंडाबाईचं लक्ष तलावाच्या मध्यावर होतं. तिथं वीरण्णाची मोटारबोट फिरत होती. वीरण्णा उदगीरकडचा, ह्या तलावातल्या मासेमारीचा ठेकेदार. श्रावणात ह्याच बायांनी रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आपल्या हातानं पाण्यात सोडली होती. दिवाळीनंतर ती किलोकिलोची झाली असती. पण ह्या भल्या माणसाला दम कुठला! मच्छरदाणीसारख्या जाळ्यानं तो पिल्लं गाळून कोंबडीखाद्याला धाडत होता. असंच आठ दिवस चाललं असतं तर दिवाळीनंतर बायांनी तलावात नुसते पाय बुडवून बसायचं होतं. खात्याकडं तोंडी तक्रार केली तर 'लेखी द्या' म्हणाले. लेखी दिली तर 'चौकशी चालू आहे' म्हणाले.

वर त्या बोटीवर जाळं ओढायला होता कोंडाबाईचाच थोरला, रामकिशन. दोन लेकरांचा बाप. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. भाकरी मात्र रोज बांधून देत होती, आणि ह्या गोष्टीचा तिला स्वतःचाच संताप येत होता.

"अशा जहाजाकडे कागद नसतील, किंवा त्यानं बेकायदा मासे मारले असतील," आनंदराज वाचत होता, "तर त्याला बंदरात उतरू द्यायचं नाही. त्याच्या मालाला कोणी हात लावायचा नाही."

कोंडाबाईनं चहाची कपबशी खाली ठेवली. "साहेब, ते उतरू द्यायचं न्हाई म्हंता, ते पुन्ना वाचा की."

त्यानं वाचलं. आजवर त्याला कोणी पुन्हा वाचायला सांगितलं नव्हतं.

"मंग त्या मालाचं काय?"

"राहतो जहाजातच. विकता येत नाही, म्हणून चोर टेकीला येतो."

"आन बंदर म्हंजे?"

"जिथं बोट लागते, माल उतरतो, ती जागा."

सगळ्या बायांनी मान वळवून उताराकडं पाहिलं. तलावाला बोट लागेल अशी तेवढीच एक जागा. बाकी काठाला कमरेएवढा गाळ.

"हे परदेशी जहाजांसाठी आहे, मावशी," आनंदराज घाईनं म्हणाला.

"उदगीरचं चालंल न्हवं?" कोंडाबाईनं विचारलं. बाया खो खो हसल्या, पण ती हसली नाही. बोट काठाकडं वळली होती.

ह्या तलावावर जुनी रीत होती. मासे पकडायचे गड्यांनी, पण काठावर उतरवायचे बायांनी, आणि पहिलं टोपलं वयानं थोरल्या बाईनं उचलायचं. त्याआधी मासा वजनकाट्यावर चढत नसे. वीरण्णासुद्धा ही रीत पाळायचा, कारण निवडायला, वाहायला दुसरं कोण होतं? सध्या थोरली होती कोंडाबाई. ती उठली आणि उताराच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसली. तिच्यामागं तीस बाया बसल्या.

"कोंडाबाई, टोपलं उचला!" वीरण्णा बोटीतून ओरडला. "टेम्पो थांबलाय."

"न्हाई उचलत. बंदर बंद हाय."

"काय बंद हाय?"

"बंदर. ह्या साहेबास्नी इचार."

वीरण्णानं बॅनर पाहिलं, जहाज पाहिलं, मग आनंदराजला पाहिलं. "ओ साहेब, हा समुद्राचा कायदा इथं लागतो का?"

वीरण्णाच्या वाटेला जायचं नाही, असं आनंदराजला वरून सांगितलेलं होतं. "नाही लागत," तो म्हणाला. "पण बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं इथंही चालत नाही. तो नियम वेगळ्या कागदावर आहे आणि तो कागद मी आज आणलेला नाही." मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. "कार्यक्रमाचे चार फोटो मात्र मला लागतात. जाळं जरा वर धरता का?"

वीरण्णानं जाळं पायाखाली दडपलं आणि राग रामकिशनवर काढला. "बघत काय बसलास? तूच उचल टोपलं!"

रामकिशन टोपलं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. आजवर ह्या तलावावर कुठल्या गड्यानं काठावर टोपलं आणलं नव्हतं. तो आईसमोर येऊन थांबला.

"माय, सरक."

"न्हाई सरकत. माज्या अंगावरून जा."

तो खरंच ओलांडून गेला तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. टोपल्यात बोटुकली तडफडत होती. तिनं त्यांच्याकडं बघायचं टाळलं, पण रामकिशननं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं वाकून अख्खं टोपलं पाण्यात पालथं केलं. थोडी तरंगली. बाकीची सळसळत निघून गेली.

"उद्यापासून येऊ नको!" वीरण्णा किंचाळला.

रामकिशन रिकामं टोपलं घेऊन आईशेजारी चिखलात बसला. "झालं समाधान? आता खाऊ काय मी, बंदर?"

आठ दिवसांनी कोंडाबाई त्याच्याशी बोलली. "दिवाळीपस्तोर माजी भाकर खा," ती म्हणाली. "मंग आत्ता सोडलेलं खा."