दोन दारांची गाडी

धर्मराज सांगायचा, की शेठनं मला गाडी बक्षीस दिली. खरं म्हणजे जालन्याच्या त्या जिनिंगवाल्या शेठनं ती त्याच्या गळ्यात मारली होती. चौऱ्याऐंशी साल होतं. शेठनं नवी गाडी घेतली, पोर्चमध्ये जागा हवी झाली, आणि बापाच्या वेळची ती इंग्रजी गाडी, इंजिन जाम झालेली, ड्रायव्हरला देऊन टाकली. ट्रॅक्टरला बांधून ती हसनाबादला आली तेव्हा अर्धं गाव हसायला होतं आणि अर्धं ढकलायला.

हसण्यासारखंच होतं म्हणा. हे एवढं लांब नाक, मागं बूड आखूड, आणि दारं दोनच. पुढं दोघं ऐसपैस बसणार आणि मागच्या सीटवर शेळीचं पिल्लूसुद्धा अंग चोरून बसणार. पण धर्मराज ऐकतोय कुणाचं!

"ही जी.टी. हाये," तो म्हणायचा. "ग्रँड टूरिंग. दोघांनी सकाळी निघायचं अन् सांजच्याला दुसऱ्या देशात उतरून जेवायचं. पाठ दुखायची न्हाई. त्याच्यासाठीच बनवली."

शेठच्या रद्दीतली इंग्रजी मासिकं त्यानं पोतंभर आणली होती. त्यातल्या गाड्यांची चित्रं कापून गोठ्याच्या भिंतीवर ओळीनं चिकटवली होती. बायको, नंदाबाई, चुलीपुढं भाकरी थापत असली की हा उंबऱ्यात बसून त्यांचा सगळा वंश सांगायचा. साठच्या सालात या गाड्या कशा गोलगरगरीत होत्या, आत अक्रोडाचं लाकूड आणि मऊ चामडं. मग तिकडं तेल महागलं तशा त्या कोनाकोनाच्या झाल्या. आता तर म्हणे पेट्रोल किती सोडायचं तेही कंप्युटर ठरवतो. नंदाबाईचं त्या कंप्युटरशी काही देणंघेणं नव्हतं. पण गाडी तिला हवी होती, नवऱ्यापेक्षाही जास्त हवी होती.

तिचं माहेर वडीगोद्रीचं, सडकेच्या काठावरचं. लहानपणी ती अंगणाच्या भिंतीवर बसून जाणाऱ्या गाड्या बघायची. धुळीनं सगळ्यांचे डोळे भरून गाड्या पुढं निघून जायच्या, एकही कधी थांबायची नाही. एखादी गाडी सडक सोडून आपल्या दाराशी वळावी आणि त्यातून आपण उतरावं, एवढंच तिचं वेड होतं. बापाला, रखमाजीला, ते माहीत होतं. तो म्हणायचा, "येईल की नंदे तुझी गाडी. मी इथंच बसून बघीन."

पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी रखमाजी तिला न्यायला आला. आपल्याकडं लेक अशी उठून माहेरी जात नाही. कुणी तरी मूळ घेऊन येतं, मग जाते. म्हातारा दोन यष्ट्या बदलून, फडक्यात धपाटे बांधून आला. आणि गाडी बघून पोरासारखा हरखला. भोवती फिरला, आरशात मिशा बघितल्या.

"जावईबापू, दार लई लांब हो हिचं?"

"दोनच दारं ना मामा, म्हणून लांब. पूर्न उघडायला बाजूला बक्कळ जागा लागती."

रखमाजीनं गोठ्यातला एक कासरा मागून घेतला. गाडीवर आडवा धरून गाठ मारली. मग डावीकडचं, नंदाबाईच्या बसायच्या बाजूचं दार सताड उघडून पुन्हा धरला आणि दुसरी गाठ मारली.

"बाबा, बैलाला दावं करता का मोजून?" नंदाबाई हसली.

"असू दे. कामाला येतो," म्हातारा म्हणाला आणि कासरा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ आली तेव्हा धर्मराजनं छातीवर हात मारला. इंजिन मोकळं झालंय, एक सामान हैदराबादहून येऊन राह्यलंय, दिवाळीला मीच तिला गाडीत घेऊन येतो. म्हाताऱ्यानं लेकीकडं बघितलं. तिनं गाठोडं बांधलेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"बाबा, आता कशाला यष्टीत? गाडीतच येते मी."

रखमाजी एकटाच परत गेला. मूळ रिकामं परतवू नये म्हणतात, पण त्या वेळी घरात सगळेच हसत होते.

सामान काही आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अखजी गेली. रखमाजीनं पुन्हा मूळ लावलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप तेवढा यायचा, की पोर गाडीत येनार हाये, मी कशाला येऊ? आणि बोलावल्याशिवाय जायचं कसं, म्हणून नंदाबाईही बसून राहिली. धर्मराज गाडीखाली घुसलेला असायचा, त्याचे नुसते पाय दिसायचे. त्या पायांवर पाणी ओतावंसं तिला कितीदा तरी वाटलं.

उन्हाळ्यात निरोप आला, तो रखमाजी गेल्याचा. ती यष्टीनं पोचली तोवर माती होऊन गेली होती. अंगणात पाऊल ठेवलं तर सडकेकडची भिंत पडलेली, मोठं भगदाड. त्यातून कुणाची तरी म्हैस आत येऊन उभी. आणि तिची लिंबोणी, लग्नाआधी तिनं स्वतः लावलेली आणि बापानं घागरीनं पाणी घालून वाढवलेली, ती बुडापासून तोडलेली. आधीच काळीज फाटलेलं, त्यात हे बघून तिचा तोल गेला. धाकट्या भावावर, कडूबावर, ती तुटून पडली.

"बाप अंथरुणाला खिळला अन् तुला साधी भिंत उचलता आली न्हाई? माझं झाड तोडून जाळलं?"

"अक्का, बाबानंच तोडलं. भिंत बी त्यानंच—"

"मेलेल्या मान्सावर ढकलतो? लाज न्हाई वाटत?"

कडूबाही तिखटच. "न्हाई सांगत जा! समज तुला काय समजायचं ते," म्हणाला आणि आत निघून गेला. तेरावं झाल्यावर नंदाबाई परतली ती माहेराला कायमचं पाणी सोडूनच. राखी नाही, भाऊबीज नाही. गोठ्याच्या भिंतीवरची चित्रं धर्मराज बदलत राहिला. नव्या गाड्यांत आता धडकेला आपोआप फुगणाऱ्या उशा आल्या होत्या, गियर आपले आपण पडत होते. नंदाबाईनं त्या भिंतीकडं बघायचंच सोडलं.

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीला कडूबा दारात उभा राहिला. केस पिकलेले, हातात फडक्यात बांधलेले धपाटे.

"अक्का, मूळ घेऊन आल्तो. चल."

ते फडकं तिनं दोन्ही हातांनी घेतलं. तिनं गाठोडं बांधलं. यष्टीच्या वाटेला लागणार, तेवढ्यात धर्मराज हळूच म्हणाला, "गाडी चालू हाये."

चालू होती, खरं होतं. मूळचं इंजिन भंगारात गेलं होतं आणि तिथं भंगारातलंच एका जीपचं डिझेल इंजिन बसलं होतं. वाऱ्यासारखी पळायला जन्मलेली गाडी आता पिठाच्या गिरणीसारखी धडधडत होती. कडूबा मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसला. अंबडच्या पुढं एक ट्रॅक्टरसुद्धा त्यांना ओलांडून गेला. नंदाबाई पुढं बसली होती, सीटचं चामडं खरंच मऊ होतं, आणि तिला त्याचा काही आनंद होत नव्हता.

वडीगोद्रीत धर्मराज सडकेवरच थांबू लागला. भिंतीत ते भगदाड अजून तसंच होतं.

"थांबू नका पाव्हणे," कडूबा मागून म्हणाला. "आत घ्या. बराबर बसती."

गाडी भगदाडातून आत शिरली. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा राहिली, ना कमी ना जास्त. धर्मराजनं इंजिन बंद केलं. नंदाबाईनं दार ढकललं. ते लांबलचक दार उघडत गेलं, उघडत गेलं आणि सताड उघडून थांबलं. कशालाही लागलं नाही. दाराच्या टोकाखाली लिंबोणीचा वाळलेला खुंट होता.

"तुझ्याकडून बाबा आला अन् दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली त्यानं," कडूबा म्हणाला. "कासरा धरून मोजत व्हता. झाड तोडताना लई रडला. पर म्हने, दार अडलं तर पोर उतरंल कशी? शेवटपरेंत भिंत बुजवू देली न्हाई. मंग मी बी न्हाई बुजवली."

धर्मराजनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. नंदाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. बापाला आपण आपल्या तोंडानं रिकामं पाठवलं, आणि त्यानं घरी येऊन आपल्यासाठी भिंत पाडली, हे आता तिला कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

"हॉर्न वाजवा," ती म्हणाली.

"अगं, पोचलो ना आपण."

"वाजवा म्हनते ना."

त्यानं वाजवला. भावजय दुर्गाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली, "या अक्का, या" म्हणाली. नंदाबाई उतरली नाही. दुर्गाबाईच्या मागं उघड्या राहिलेल्या घराच्या दाराकडं ती, आणखी कुणी बाहेर यायचं असल्यासारखी, कितीतरी वेळ बघत बसली.