मेंढ्याच्या माडीवरून

आमच्या ब्रिनगारो गावच्या रग्बी क्लबाचे खेळाडू मैदानात कपडे बदलत नाहीत. ते समोरच्या ‘मेंढा’ नावाच्या पबच्या माडीवर बदलतात. मग खाली उतरून रस्ता ओलांडतात आणि गर्दीतून वाट काढत मैदानात येतात. लोक पाठीवर थापा मारतात. मागचा सामना हरलेला असला तर शिव्याही देतात.

टीव्हीवाल्यांना हे नको होतं. संघ मैदानात उघडणाऱ्या नव्या बोगद्यातून, धुरातून, ठरल्या सेकंदाला बाहेर यावा. नाहीतर सामने दाखवायचा करार नाही. आणि करार नाही तर पुढच्या मोसमात पगारी संघ नाही, असं अध्यक्ष एल्फेडने बजावलं होतं.

रविवारी चॅपलमधली प्रार्थना सुटल्यावर सभासदांची सभा होती. क्लबाचा इतिहास मी लिहिलाय, म्हणून परंपरेच्या बाजूने मी बोलायचं ठरलं. चार माणसांत माझी जीभ टाळ्याला चिकटते, पण त्या दिवशी भीती निराळीच होती. खाणीतून थेट येणाऱ्या खेळाडूंना मेंढ्याच्या मालकिणीने अंघोळीला गरम पाणी दिलं, तिथून ही चाल पडली, असं मी पुस्तकात ऐकीव माहितीवरून लिहिलं होतं. शुक्रवारी क्लबाच्या जुन्या इतिवृत्तात भलतंच सापडलं.

“काय रे पुस्तकवाल्या, थंडीत घाम?” शेजारी बसलेल्या नेरिसने विचारलं. मेंढा आता ती चालवते.

“एक कागद सापडलाय. वाचला तर आपण हरू.”

“आणि नाही वाचलास तर?”

माझी पाळी आली तेव्हा मी कागदच वाचला. १९२३ साली गावच्या दारूभट्टीने संघाला जर्सी दिल्या होत्या. त्या बदल्यात खेळाडूंनी भट्टीची दारू विकणाऱ्या मेंढ्यात कपडे बदलावेत आणि गर्दी पबच्या दारात आणावी, अशी अट होती.

“म्हणजे जाहिरातच की ही,” सभेला आलेला टीव्हीवाला हसून म्हणाला.

“पुस्तकवाल्या, तू नक्की कोणाकडून खेळतोस?” मागून कोणीतरी बोललं.

मी खाली बसलो.

नेरिस बसल्या जागेवरूनच म्हणाली, “ती भट्टी कधी बंद पडली?”

“अठ्ठावन्न साली,” मी म्हणालो.

“मग तेव्हापासून आपण कोणाची जाहिरात करतोय?”

मग कानाला पट्टी बांधलेला कप्तान मॅक्सेन भिंतीशी उभा होता, तो म्हणाला, “नेरिसबाई, तुमचं पटतं मला. पण रस्ता ओलांडून माझं घरभाडं निघत नाही.”

एल्फेडने मत मागितलं. मॅक्सेनने कोणत्याच बाजूला हात वर केला नाही. मी चालीच्या बाजूने केला. सहा मतांच्या फरकाने आमची चाल राहिली. टाळ्या थोड्याच वाजल्या. टीव्हीवाला कोट चढवून निघून गेला.

दारात मॅक्सेनने मला गाठलं. “शनिवारी गाड्या अडवायला दोरी तुम्हीच धरणार ना?”

“हो. दर वेळी मीच धरतो.”

“नीट धरा. पुढच्या वर्षी पगार नाही, मी कुठे असेन, ठाऊक नाही.”

शनिवारी मी दोरी धरून उभा राहिलो. मेंढ्याचं दार उघडलं, संघ बाहेर आला. मॅक्सेन माझ्या अगदी जवळून गेला. थाप मारायला मी हात उचलला, आणि तसाच परत दोरीवर ठेवला.