दांड्याची उंची

काशिरामनं लोखंडी दांडा खांबाला टेकवून धरला, खडूनं रेघ मारली आणि दोन पावलं मागं सरकून तो हसला.

"मॅडम, ह्यो दांडा म्हाताऱ्यांचा का पोरांचा?"

"ज्येष्ठांचा. हात वर करून धरायचा, खांदे मोकळे करायला," रुचिरा म्हणाली. पनवेलच्या या तळ्याकाठी आजी-आजोबा आणि नातवंडं शेजारी-शेजारी व्यायाम करतील, अशी बाग तिनं वर्षभर कागदावर आखली होती.

"मग पोरांच्या दांड्याच्या बरोबरीला कसा आला? तुमचा नकाशा तीनदा आला, दर टायमाला दांडा आनखी खाली. पनवेलची म्हातारी मानसं आखडत चाल्ली काय?"

रुचिराही हसली. हसता हसता तिनं पिशवीतून तिन्ही कागद काढले. जून. ऑगस्ट. ऑक्टोबर.

मापं आईची होती. पुस्तकातली मापं परदेशी म्हाताऱ्यांची, म्हणून ती आईला स्वयंपाकघराच्या दारात उभी करायची आणि टेप लावायची. "तुझ्या बागेला माझीच उंची लागते का गं?" म्हणत आई हात उचलायची. जूनमध्ये हात चौकटीच्या वर टेकला. ऑगस्टमध्ये तो कपाळाच्या वर गेला नाही. ऑक्टोबरमध्ये आईनं उजव्या हातानं डावा हात उचलून धरला, हसली, म्हणाली, "एवढा पुरे." रुचिरानं टेप वाचला, आकडा लिहिला, दांडा खाली घेतला. कागदाच्या कोपऱ्यात तिच्याच सुबक अक्षरात शेरा होता: वापरणाऱ्याच्या सोयीनुसार.

आजार दिवाळीनंतर कळला, तोवर हाडांत पसरला होता. संक्रांतीला आई नव्हती.

"मॅडम, काँक्रीट कालवलंय. इथंच ठेवू का वर घेऊ?"

तिचं बोट खडूच्या रेघेवर टेकलं. आईचा हात शेवटचा आला होता तो इथवर. इथं दांडा बसला तर धडधाकट म्हाताऱ्यांना त्याच्यापुढं वाकावं लागणार. तिनं तळव्यानं रेघ पुसली. पुसायला वेळ लागला.

"वर घ्या. पहिल्या कागदाप्रमाणं."

काशिरामनं दांडा वर चढवला, तारेनं बांधला. "आये, ये गो जरा. हात पुरतो का बघ," म्हणत तो घमेलं आणायला गेला.

त्याचा जेवणाचा डबा घेऊन सावलीत बसलेली त्याची आई गंगाबाई उठली. उभा जन्म मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेली बाई. उजव्या हातानं तिनं दांडा धरला. डावा हात खांद्याशी अडला, तसा तिनं तो पदर सारखा करायला वळवला.

"पुरतो गो."

रुचिराच्या हातात माप लिहायची पेन्सिल होती. ती तिनं खाली ठेवली.

"मावशी, कधीपासून वर जात नाही हा?"

गंगाबाईनं आधी लेकाकडं पाहिलं. तो पाठमोरा होता.

"शिमग्यापासून," ती हळूच म्हणाली. "त्याला नको सांगू. आता कुठं त्याला रोजचं काम लागलंय."

रुचिरानं तिचा तो हात आपल्या हातात घेतला, आणि काशिरामला हाक मारली.