फ्रेंचमध्ये रस्ता विचारणारी वही

मी द्वारकाबाईंची फ्रेंचची वही. तळहातावर मावेन एवढीच आहे, पण माझ्या पानांवर एका परक्या शहरात रस्ता कसा विचारायचा, ते सगळं लिहिलेलं आहे.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी वर्षभर धूळ खात पडले होते. तिथून मला ओवीनं उचललं. ती कॉलेजात फ्रेंच शिकते, कर्वेनगरात राहते. तिच्या वरच्या मजल्यावर द्वारकाबाई एकट्या राहतात. बाई मूळच्या यवतमाळकडच्या. नवरा गेल्यावर मुलानं, अभिनवनं, त्यांना पुण्यात आणलं आणि दोनच वर्षांत कंपनीनं त्यालाच फ्रान्सला, ल्यों शहरात पाठवलं. "दिवाळीनंतर तुला घेऊन जातो," असं सांगून तो गेला. तिथं आपण हरवलो तर, या धास्तीनं बाई ओवीकडे शिकायला लागल्या.

खरं तर पुण्यातही त्यांनी कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. एकदा किराणा दुकानात "मले साखर पाह्यजे" म्हणाल्या, तर मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हापासून त्या बाहेर तोंडच उघडत नसत. सामानसुद्धा अभिनव तिकडून ऑनलाइन मागवून द्यायचा.

ओवीनं माझ्यावर मराठी अक्षरांत फ्रेंच लिहिलं. 'पार्दों, मादाम. ऊ ए ला गार?' म्हणजे, माफ करा बाई, स्टेशन कुठं आहे?

"आजी, नीट ऐका हं. 'तू द्रुआ' म्हणजे सरळ आणि 'आ द्रुआत' म्हणजे उजवीकडे. शेवटी 'त' ऐकू आला तरच वळायचं!"

"अन् समोरच्यानं 'त' खाऊन टाकला तं?"

"मग परत विचारायचं. बिनधास्त!"

बाई मला हातात धरून स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारत. कुकरला मादाम म्हणत. माझ्या पानांना हळदीची बोटं लागली. त्या घरात दिवसभरात माणसाचा आवाज उमटे तो तेवढाच.

दिवाळी झाली. अभिनवचा फोन आला. "आई, इथलं घर लहान आहे गं. शिवाय थंडी फार. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," बाई म्हणाल्या. मला मिटून त्यांनी कपाटात ठेवलं. आठवडाभर कुकरला कुणी मादाम म्हणालं नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि घराबाहेर पडल्या. खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये त्यांची मामेबहीण शेवंता राहायची. तिचा फोन लागत नव्हता. बसस्टॉपवर बाई किती तरी वेळ नुसत्या उभ्या. शेवटी मला उघडलं, ओठ हलवले आणि पेपर वाचत बसलेल्या एका गृहस्थांना म्हणाल्या, "पार्दों... भाऊ, खडकीची बस कुठी लागते जी?"

गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाटीवर लिहिलंय. वाचता येतं ना?"

बाईंच्या मुठीत मी चुरगळले. पण त्या हलल्या नाहीत. "येते जी. पण पाटी बोलत नाही ना कोणासोबत."

गृहस्थांनी पेपरची घडी घातली. "डेक्कनला उतरून बस बदला," ते हळू आवाजात म्हणाले. बस आल्यावर हात करून त्यांनीच ती थांबवली. "मेर्सी," बाईंनी माझ्याच शब्दात आभार मानले.

खडकीत चार जणांना विचारत क्वार्टर सापडलं. दाराला कुलूप होतं. "रिटायर होऊन गावी गेले ते. सहा महिने झाले," शेजारीण म्हणाली. बाई पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग पुन्हा विचारत विचारत घरी आल्या.

रविवारी अभिनवचा फोन आला. "आई, जेवलीस का?"

बाईंनी मला उघडून मांडीवर घेतलं होतं. "अभिनव, तुह्या घराचा रस्ता मले फ्रेंचमध्ये विचारता येते. पण येऊ का, हे कसं विचारतात, थे या वहीत नाही. म्हणून मराठीतच विचारते. मी येऊ का रे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बघतो, आई."

त्याला आज बारा दिवस झाले. बाईंनी मला मिटलेलं नाही, फोनशेजारी उघडंच ठेवलंय. अभिनव, माझी शेवटची दोन पानं अजून कोरी आहेत. तुझ्या एका 'ये'साठी तेवढी जागा खूप झाली.