ज्योतीरामच्या नकाशातली पळती भिंत

शनिवारी संध्याकाळच्या आत स्वयंपाकघराची भिंत एका जागी थांबली नाही, तर रविवारी अकरा वाजता धाकटी सून ताथवड्याला जाऊन फ्लॅट बुक करणार होती. तसं तिनं ज्योतीरामला तोंडावर सांगितलं होतं.

"मामा, घर नकाशातच असं वागतंय, बांधल्यावर काय करेल?"

सासऱ्याला ती मामा म्हणायची, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कारण भिंत खरंच पळत होती.

आता भिंत कशी पळेल, असं कुणीही म्हणेल. पण ज्योतीराम काही नजरेनं चुकणारा माणूस नव्हता. औशाकडून पोटासाठी इकडं आला आणि भोसरीच्या एका कंपनीत टूलरूमला बत्तीस वर्षं काढली. गाडीच्या दरवाजाचा पत्रा ज्या साच्यात दाबतात, ते साचे हा बनवायचा. कान असा तयार, की निगडीत घरी अंघोळ करता करता सांगायचा, "तिकडं तीन नंबरचा प्रेस पाव मिलिमीटर तिरका बसलाय." अंग पुसून होईस्तोवर कंपनीतून फोन, की खरंच बसलाय, येता का.

अशा माणसानं रिटायर झाल्यावर चऱ्होलीत दोन गुंठे जागा घेतली. पोरं दोन, थोरला दिग्विजय आणि धाकटा प्रज्वल. म्हणून घरं पण दोन, एकमेकांना चिकटून, आणि अगदी सारखी. मिलिमीटरला मिलिमीटर. नाहीतर उद्या एक सून म्हणायची, तिची मोरी मोठी. नकाशा सोमवारी इंजिनियरकडं द्यायचा होता, आणि तो ज्योतीराम स्वतः काढणार होता, प्रज्वलच्या जुन्या लॅपटॉपवर, घराचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधी.

पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं दाराची उंची एकवीसशे टाकली. कंपनीत सगळं मिलिमीटरमधी असतं. सॉफ्टवेअर बसलं होतं मीटरमधी. दार जे वर गेलं ते दोन किलोमीटर. तसं बांधलं असतं तर लोहगावच्या विमानांना वळसा घालून उतरावं लागलं असतं. ज्योतीरामनं वहीत लिहिलं : आधी माप कशात आहे ते बघणे. दुसऱ्या दिवशी जिना गायब. दोन तास शोधल्यावर कळलं, की यादीत जिन्याच्या लेयरपुढचं डोळ्याचं चित्रच मिटलेलं, ते मिटलं की वस्तू दिसत नाही. वहीत लिहिलं : वस्तू हरवली तर रडू नये, डोळा उघडणे. लॅपटॉपचा पंखा तर असा घुमायचा, की त्याची बायको सोजरबाई त्याच्यापुढं शेवया वाळवून घ्यायची.

एवढं शिकल्यावर त्यानं डावं घर काढलं. उजव्याची परत मेहनत कशाला? कंपनीत गाडीचा डावा दरवाजा काढला, की आरशात धरल्यासारखा पलटायचा, उजवा तयार. डिझाइन सेक्शनचा सिद्धेश फोनवर म्हणाला, "काका, अख्खं घर सिलेक्ट करा, त्याचा कंपोनंट करा आणि कॉपी करून पलटवा. चहा होईस्तोवर होतंय." आणि झालं. दोन घरं जुळ्या भावांसारखी शेजारी उभी राहिली. डावं थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. ज्योतीराम चष्मा पुसून पुसून बघत बसला.

मग आदल्या सोमवारी वर्षाली, थोरली सून, शिफ्टवरून आली. चाकणला एका कंपनीत ती क्वालिटीला होती. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मामा, स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधली भिंत काढून टाका. पोळ्या लाटताना पोरगी दिसली पाहिजे. पुस्तकात मोबाइल घालून बसते ती."

ज्योतीरामनं डाव्या घरावर दोनदा टिचकी मारली. असं एका घरात शिरलं, की दुसरं घर धुक्यात गेल्यासारखं फिकट व्हायचं. तिकडं बघायचं कारणच नव्हतं. त्यानं भिंत धरली, पुसली, फाइल सेव्ह केली.

मंगळवारी निशिगंधा, धाकटी, लॅपटॉपसमोर उभी राहिली. ती घरातून बावीस डबे करायची, आकुर्डीच्या कॉलेजच्या पोरांचे. तिनं मिरचीची फोडणी टाकली, की निगडीच्या डेपोत कंडक्टर शिंकायचे. स्वयंपाकघर बंद पाहिजे, त्याला दार पाहिजे, हे ती पहिल्यापासून सांगत होती.

"मामा, माझी भिंत कुठं गेली?"

"कुठली?"

"हॉलची."

ज्योतीरामनं बघितलं. उजव्या घरात भिंत नव्हती. "मी तर काढली नाही."

"मग तिला पाय फुटले का?"

त्यानं उजव्या घरात शिरून भिंत परत घातली. बुधवारी वर्षाली बघते, तर तिच्या घरात भिंत.

"मामा, तुम्ही काढली होती ना? मग ही काय?"

"काढली होती."

"मग निशानं घातली. तिला सांगा, स्वतःच्या घरात काय भिंती घालायच्या त्या घाल, माझ्यात नको."

निशिगंधा आत कांदा चिरत होती. तिनं आतूनच उत्तर दिलं, पण ज्योतीरामला उद्देशून. "मामा, ताईंना उघडं आवडतं म्हणून आम्ही पण उघड्यावर राहायचं का? मी डबे द्यायला गेले, की त्या लॅपटॉपपाशी बसतात. मी बघितलंय."

"लाइट बिल भरत होते मी," वर्षाली म्हणाली, ती पण ज्योतीरामलाच.

तिथून दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. सगळे निरोप सोजरबाईतर्फे. सोजरबाई जाताना निरोपात चिमूटभर मीठ घालायची आणि येताना चिमूटभर साखर, म्हणून तरी घर उभं होतं. गुरुवारी भिंत गेली, परत आली. ज्योतीरामचं डोकं चालेना. पोरांना विचारावं, तर दोघं सेकंड शिफ्टला, आणि दोघांचं एकच, "बायकांच्यात आम्हाला नका घेऊ."

शेवटी त्यानं कंपनीत मशीन बिघडल्यावर करतात तेच केलं. वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'व्हाय-व्हाय'. म्हणजे बिघाड धरायचा आणि का, का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. का? भिंत हलली. का? कुणीतरी हलवली. का? लॅपटॉप उघडा होता. का? वर्षाली त्याच्यावर बसते. पाचव्या 'का'ला तो बराच वेळ पेन चावत बसला आणि मग बारीक अक्षरात लिहिलं : थोरलीला धाकटीचं चांगलं बघवत नाही.

मग त्यानं लाल कार्डबोर्ड कापला, त्यावर 'काम चालू आहे, मशीन चालवू नये' असं लिहून लॅपटॉपला दोऱ्यानं बांधला. निशिगंधासाठी भिंत घालून लॅपटॉप कपाटात, किल्ली बंडीच्या खिशात. शुक्रवारी वर्षालीसमोर कपाट उघडलं, लॅपटॉप उघडला. तिच्या घरात भिंत उभी.

"आता?" वर्षाली म्हणाली. "किल्ली पण निशाकडं असते का?"

ज्योतीरामनं बंडी चाचपली. किल्ली तिथंच होती. त्यानं लॅपटॉप मिटला. पण त्या दिवसापासून तो मोरीत जाताना आधी मोरीच्या भिंतीला हात लावून बघायला लागला, आहे ना म्हणून.

शुक्रवारीच निशिगंधानं ते ताथवड्याचं सांगितलं. "मामा, राग नका मानू. शेजारी राहून रोज असं होणार असेल, तर लांब राहिलेलं बरं. रविवारी अकराला बोलावलंय त्यांनी."

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ज्योतीराम पडद्यापुढं नुसता बसला होता. सोजरबाई येऊन खुर्ची ओढून टेकली.

"काय करायलाव ओ?"

"बघायलोय."

"आमची खाट कुठं हाय ह्याच्यात?"

ज्योतीरामनं मान वळवली. "आपली?"

"पोराच्या पोरीच्या सायकलीला बी जागा काढली तुमी. आपण दोघं कुठं पडायचं, चऱ्होलीच्या पारावर?"

त्यानं दोन्ही घरं फिरून बघितली. खरंच, दोन्ही घरांत शू-रॅक होता, इन्व्हर्टरची जागा होती. खाट नव्हतीच. मिलिमीटर मोजता मोजता तो स्वतःला घालायचाच विसरला होता.

"थोरल्याकडं घालू," तो म्हणाला, आणि डाव्या घरातल्या मागच्या खोलीत शिरून सामानाच्या यादीतून एक खाट ओढून ठेवली. बाहेर आला. सोजरबाई पडद्याजवळ वाकली.

"दोन का घातल्या?"

"एकच घातली."

"मला का दिसत न्हाई का? ही एक, ही एक."

उजव्या घरात, तिथल्याच मागच्या खोलीत, तशीच खाट. ज्योतीरामनं चष्मा काढला, घातला. उजव्या घरात शिरून तिथली खाट पुसली. बाहेर आला, तर दोन्हीकडची गेली.

"घ्या," सोजरबाई म्हणाली. "दोन्ही पोरांनी हाकललं."

त्यानं परत डावीकडं घातली. परत दोन. उजवीकडं उशी ठेवली, तर डावीकडं पण उशी. सोजरबाईला गंमत वाटायला लागली. तिनं पाणी प्यायचा माठ ठेवायला लावला, झोपाळा टांगायला लावला, एक म्हैस पण मागितली, पण म्हैस यादीत नव्हती.

"भुताटकी हाय का ओ?"

"गप गं."

"मग भिंतीचं बी असंच झालं असंल की," ती म्हणाली. "तुमी एकीकडं घालायलाव, ती दोन्हीकडं पडायली. आन् पोरींना उगं भांडायला लावलं."

ज्योतीरामनं माउस सोडला. मग त्यानं सिद्धेशला फोन लावला.

"काका, ती कॉपी सुटी नसते," सिद्धेश म्हणाला. "कंपोनंट केलं ना, मग ते एकच घर आहे, फक्त दोन ठिकाणी दिसतंय. एकात खिळा मारला की दुसऱ्यात बसणारच. उजव्या घरावर राइट क्लिक करा आणि 'मेक युनिक' दाबा. मग दोघं वेगळी."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्हीच म्हणालात, मिलिमीटरला मिलिमीटर सारखं पाहिजे. मला वाटलं, हेच पाहिजे तुम्हाला."

त्यानं दाबलं. डाव्या घरातली भिंत पुसली आणि बाहेर येऊन उजवीकडं बघितलं. भिंत जागेवर. त्यानं दोन्ही सुनांना हाक मारली.

वर्षाली आली, निशिगंधा ओले हात पुसत आली. दोघींच्या मधी एक माणूस मावेल एवढं अंतर. ज्योतीरामनं सगळं दाखवलं, आधी कसं होतं, आता कसं आहे. दोघी नकाशाकडं बघत होत्या, तेवढ्यात वर्षालीचा हात टेबलावरच्या वहीवर पडला. पान 'व्हाय-व्हाय'चंच निघालं.

ज्योतीरामला वाटलं, लॅपटॉपच्या पंख्यानं आपल्याला उडवून चाकणला नेऊन टाकावं. वर्षाली एकेक ओळ वाचत गेली. शेवटच्या ओळीवर थांबली. सोजरबाईनं पण तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"मामा," वर्षाली शांतपणे म्हणाली, "ही बंद नाही करता येत."

"काय?"

"माणसाला दोष देऊन व्हाय-व्हाय बंद करायची नसते. आमच्याकडं पहिल्या दिवशी सांगतात. माणसाचं नाव आलं, की समजायचं, अजून खाली जायचंय. ऑडिटला असलं पान दिसलं, तर तुमची अख्खी वही परत पाठवतील."

"चुकलं माझं," ज्योतीराम म्हणाला.

"मामांचं नाही," निशिगंधा मधेच बोलली. ती पदराशी चाळा करत होती. "ते मी बोलले होते त्यांना. की ताईंना बघवत नाही. त्यांनी नुसतं लिहिलं."

वर्षालीनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. "मी पण बोलले. किल्ली निशाकडं आहे म्हणून." मग तिनं पेन मागितलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं : घर एकच होतं, दोघींना वाटलं आपापलं आहे. पेन तिनं निशिगंधाकडं दिलं. "सही कर. दोघींची लागते."

निशिगंधानं सही केली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताथवड्याचा फ्लॅटवाला होता, उद्याची वेळ पक्की करायला. ती तिथंच उभी राहून बोलली, स्पीकर न लावता, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाही, उद्या नाही जमणार... परवा पण नाही... फ्लॅट चांगलाय हो तुमचा. पण तुमच्या किचनला भिंत आहे का? ओपन आहे ना? आणि मागच्या खोलीत खाट बसते का, मोठी? सासूसासऱ्यांची? ... बघा मग."

फोन ठेवून ती सासूकडं बघत म्हणाली, "आमच्याकडची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका, मामा. आत्यांना ठसका लागेल. खिडकीकडं घ्या."

"आमच्याकडची आहे तिथं राहू द्या," वर्षाली म्हणाली. "आत्यांना पंखा समोर लागतो."

"अगं, पण खाट एकच पाहिजे," ज्योतीराम म्हणाला. "आम्ही दोघंच आहोत. एक पुसतो."

"कुठली?" दोघींनी एकदम विचारलं.

त्यानं माउस डावीकडं नेला, उजवीकडं नेला. सोजरबाई सुपारी चघळत छताकडं बघत होती. तिला विचारून उपयोग नव्हता, तिला हे असंच पाहिजे होतं. त्यानं काहीच न पुसता फाइल सेव्ह केली.

सोमवारी चऱ्होलीच्या इंजिनियरनं नकाशा पडद्यावर उघडला आणि बराच वेळ बघितला.

"काका, घरात म्हातारी माणसं किती?"

"दोन."

"मग खाटा दोन, त्या पण डबल?"

ज्योतीराम खुर्चीत नीट बसला. "एक जोडी आहे," तो म्हणाला. "पण ती कुणाकडं राहायची, ते आम्हाला अजून कळलेलं नाही."